प्रेक्षकांनीं वांचविलेलें पिशाच

कथेंतील पात्राला जन्म देणें हें लेखकाचें काम. परंतु त्याला मारण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. १८९३ सालीं आर्थर कॉनन डॉइल यांनीं आपल्या शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधील एका धबधब्याच्या दरींत लोटलें, तेव्हां वाचक चिडले. आणि अखेर १९०३ सालीं त्याला जिवंत परत आणणें लेखकाला भाग पडलें. पण होम्स झाला सज्जनांचा कैवारी. त्याच्यासाठीं लोकांनीं हळहळावें यांत नवल तें काय? पुढें साठाहून अधिक वर्षांनीं अमेरिकेंत याहून विलक्षण गोष्ट घडली. तेथील प्रेक्षकांनीं एका रक्तपिपासू पिशाचाचा जीव वांचविला, आणि वांचवितां वांचवितां त्याला माणसांत आणलें. दूरचित्रवाणीच्या इतिहासांतील हें प्रकरण मनोरंजक तर आहेच. शिवाय कथाकार आणि रसिक यांच्यामधील नात्यावर त्यानें पडणारा प्रकाशही कांहीं कमी नाहीं.

२७ जून १९६६ रोजीं अमेरिकेंतील ए. बी. सी. या वाहिनीवर ‘डार्क शॅडोज’, म्हणजे ‘काळ्या सावल्या’, या नांवाची मालिका सुरू झाली. सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारीं अर्धा तास, असा तिचा क्रम होता. अशा दैनिक मालिकांना तिकडे ‘सोप ऑपेरा’ म्हणतात. कारण प्रारंभीं साबण बनविणाऱ्या कंपन्या त्यांचा खर्च सोसत आणि गृहिणींना डोळ्यांपुढें ठेवून त्या रचल्या जात. निर्माते डॅन कर्टिस यांना स्वप्नांत आगगाडीनें एकटीच प्रवास करणारी एक तरुणी दिसली, आणि त्या स्वप्नांतून हें कथानक उगवलें, असें सांगतात. व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ तरुणी मेन प्रांतांतील कॉलिन्सपोर्ट या काल्पनिक गांवीं एका श्रीमंत घराण्याच्या जुनाट वाड्यांत मुलाची शिक्षिका म्हणून येते, आणि आपल्या जन्माचें रहस्य शोधूं लागते, हा कथेचा आरंभ होय. वाड्याच्या मालकिणीचें काम जोन बेनेट या चित्रपटसृष्टींतील नामवंत अभिनेत्रीनें केलें. वातावरण गूढ होतें, नटमंडळी कसलेली होती. पण प्रेक्षक कांहीं जमेनात. मालिका बंद पडण्याची चिन्हें दिसूं लागलीं. तेव्हां कर्टिस यांच्या मुलींनीं ‘ती अधिक भीतिदायक करा’ असा सल्ला वडिलांना दिला म्हणतात. हळूहळू कथेंत भुतें अवतरूं लागलीं. आणि गमावण्यासारखें फारसें नाहींच, तर एक व्हॅम्पायर आणून पाहूं, असें निर्मात्यांनीं ठरविलें.

आपल्याकडील वेताळ, मुंजा, हडळ, ब्रह्मराक्षस ही मंडळी निराळी. युरोपांतील दंतकथांमधला व्हॅम्पायर म्हणजे मृताचें प्रत्यक्ष शरीरच असून तें दिवसां शवपेटींत पडून राहतें.  आणि रात्रीं जिवंतांचें रक्त पिऊन तें आपलें अस्तित्व टिकवितें. त्याच्या छातींत लांकडी खुंटी ठोकून त्याचा नाश करावयाचा, हा त्या कथांचा ठरलेला शेवट. एप्रिल १९६७ मध्यें विली लूमिस नांवाचा एक भामटा जडजवाहिराच्या लोभानें कॉलिन्स घराण्याच्या थडग्यांत शिरतो, सांखळदंडांनीं बांधलेली एक शवपेटी उघडतो, आणि आंतून एक हात बाहेर येऊन त्याचा गळा पकडतो. नंतर वाड्याच्या दाराशीं अंगांत झगा, हातांत लांडग्याच्या तोंडाची चांदीची मूठ असलेली छडी, असा एक अदबशीर गृहस्थ उभा राहतो आणि ‘इंग्लंडहून आलेला दूरचा भाऊ’ म्हणून आपली ओळख करून देतो. हाच बार्नाबस कॉलिन्स. वस्तुतः पावणेदोनशे वर्षांपूर्वींचा त्या घराण्याचा पूर्वज. कांहीं आठवडे त्यानें घबराट उडवून द्यावी आणि मग रीतीप्रमाणें त्याचा अंत व्हावा, असा मूळ बेत होता.

ही भूमिका जोनाथन फ्रिड या कॅनडांत जन्मलेल्या नटाकडे आली. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं कॅनडाच्या नौदलांत नोकरी केली होती. पुढें लंडनमध्यें नाट्यशिक्षण घेतलें, आणि १९५७ सालीं येल विद्यापीठाची दिग्दर्शनाची पदवी मिळविली. शेक्सपिअरच्या नाटकांत रमणारा हा चाळिशी ओलांडलेला माणूस न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियांत नाट्यशास्त्र शिकवावयास जाण्याच्या विचारांत होता. थोड्या आठवड्यांचें काम, चार पैसे गांठीला लागतील, एवढ्याच हिशेबानें त्यांनीं होकार दिला. मालिकेचे भाग फितीवर एका दमांत टिपले जात. फीत कापून जोडणें खर्चाचें असल्यामुळें चुका तशाच राहत. रोज नवें संभाषण पाठ करणें फ्रिड यांना जड जाई. ते अडखळत, क्षणभर थांबत, नजर भिरभिरत असे. पण या उणिवेचाच गुण झाला. जो प्राणी जिवंत नाहीं आणि जिवंत असल्याचें सोंग करीत सज्जनांच्या बैठकींत बसला आहे, त्याच्या चेहऱ्यावर ही अस्वस्थता शोभून दिसली. नटाची धांदल प्रेक्षकांना पिशाचाची व्यथा वाटली. लेखकांनीं कागदावर दुष्टपणा लिहिला. पडद्यावर दुःख दिसलें.

आणि मग पत्रें येऊं लागलीं. प्रथम शेंकड्यांनीं, पुढें हजारोंनीं. घरकाम आटोपून बसणाऱ्या गृहिणी, महाविद्यालयांतील तरुण, आणि विशेषतः शाळकरी मुलें असा हा वाचकवर्ग नव्हे, प्रेक्षकवर्ग जमला. शाळा सुटल्याबरोबर धांवत घर गांठावयाचें आणि चार वाजण्याच्या सुमारास दूरचित्रवाणीपुढें बसावयाचें, ही त्या पिढींतील असंख्य मुलांची बालपणची आठवण आहे. वस्तुतः या वेळेपर्यंत बार्नाबसनें केलें काय होतें? मॅगी इव्हान्स या निरपराध मुलीला पळवून नेलें होतें, तिला आपल्या मृत प्रेयसीचा पोशाख चढविला होता, आणि ‘तूं मॅगी नव्हेस, तूं जोझेट आहेस’ असें तिच्या मनावर बिंबविण्यासाठीं तिचे हाल केले होते. तरीही पत्रांचा सूर असा कीं, याला मारूं नका. अपराध दिसत असूनही त्या अपराधामागें कांहीं तरी हरवलेलें आहे, हें प्रेक्षकांनीं लेखकांच्या आधीं ओळखलें. मृत प्रेयसीला परत मिळविण्याची ही धडपड त्यांना राक्षसी वाटली, तशीच केविलवाणीही वाटली.

दैनिक मालिकेची रचना पुस्तकासारखी नसते. पुस्तक एकदां छापलें कीं त्याचा शेवट ठरला. मालिकेचा पुढील महिना मात्र अजून लिहावयाचा असतो. त्यामुळें टपालाचें वजन तेथें तत्काळ जाणवतें. बार्नाबसचा अंत प्रथम लांबला आणि मग रद्दच झाला. परंतु पिशाचाला जिवंत ठेवावयाचें तर तें पिशाच कां झालें, याचें उत्तर देणें प्राप्त होतें. म्हणून नोव्हेंबर १९६७ मध्यें निर्मात्यांनीं मोठें धाडस केलें. वाड्यांतील एका मृतात्मा-आवाहनाच्या बैठकींतून व्हिक्टोरिया अचानक १७९५ सालांत जाऊन पडते, आणि पुढें कित्येक महिने संपूर्ण कथा त्याच काळांत चालते. तीच नटमंडळी पूर्वजांच्या भूमिका करूं लागली. या कथाभागांत दिसलेला बार्नाबस हा सुस्वभावी, उदार मनाचा तरुण आहे. मार्टिनीक बेटावरून आलेल्या जोझेटशीं त्याचा विवाह ठरलेला आहे. परंतु तिची दासी अँजेलिक हिच्याशीं त्याचा पूर्वीं थोडा काळ संबंध जडलेला असतो. अँजेलिक ही चेटकीण असते. झिडकारली गेल्यावर ती त्याला शाप देते, आणि त्या शापानें तो पिशाच होतो. त्याची धाकटी बहीण सॅरा मरते, आई विष घेते, आणि आपल्यालाही पिशाच व्हावें लागणार या भयानें जोझेट कड्यावरून समुद्रांत उडी टाकते. अखेर पित्याच्या आज्ञेनें त्याला सांखळदंडांत बंद केलें जातें. पहिल्या भागांतील ती शवपेटी कोणी बांधली आणि कां बांधली, याचा उलगडा येथें होतो. ज्यांनीं आधीं केवळ सहानुभूति बाळगली होती, त्यांना आतां तिचें कारण मिळालें.

येथून पुढें प्रेक्षकांचें लक्ष बार्नाबसच्या जीवितावरून त्याच्या प्रेमसंबंधांकडे वळलें; आणि ज्यांनीं एकमुखानें त्याला वांचविलें होतें, त्यांच्यांत आतां मतभेद उत्पन्न झाले. एक पक्ष जोझेटचा. मॅगी आणि जोझेट या दोन्ही भूमिका कॅथरिन ली स्कॉट या एकाच अभिनेत्रीनें केल्या असल्यामुळें, पूर्वजन्मींचें प्रेम पुन्हां भेटावें अशी आशा त्यांना सुटत नसे. दुसरा पक्ष अँजेलिकचा. लारा पार्कर यांनीं ही चेटकीण अशा आवेगानें रंगविली कीं, तिच्या सूडाच्या मुळाशीं खरें प्रेम आहे असें पुष्कळांना वाटूं लागलें. १७९५ च्या कथेपुरतीच योजलेली ही भूमिका १९६८ सालीं वेषांतर करून वर्तमानकाळांत परतली आणि अखेरपर्यंत राहिली.

तिसरा पक्ष ज्युलिया हॉफमन हिचा. आणि तो सर्वांत विचार करण्यासारखा. ही विदुषी डॉक्टर जून १९६७ मध्यें कथेंत येते ती मॅगीवर उपचार करण्याच्या निमित्तानें. बार्नाबसचें रहस्य ती ओळखते; पण त्याचा नाश करण्याऐवजीं त्याला औषधानें बरें करण्याचा प्रयत्न करते. पुढें तिचें मन त्याच्यावर जडतें. तो प्रथम तिला जिवें मारावयास निघतो, मग तिच्यावर विश्वासतो, आणि शेवटीं तिच्यावांचून त्याचें पानही हालत नाहीं. पण प्रेम म्हणून जें म्हणतात तें तो तिला कधींच देत नाहीं. ग्रेसन हॉल या अभिनेत्रीला १९६४ सालच्या एका चित्रपटासाठीं ऑस्कर पारितोषिकाचें नामांकन मिळालेलें होतें. तिनें ही मूक निष्ठा अत्यंत ताकदीनें उभी केली. ज्युलिया तरुण नाहीं, नाटकी सौंदर्यवती नाहीं. ती बुद्धिमान, तापट, प्रसंगीं खोटें बोलणारी आणि शेवटपर्यंत साथ देणारी अशी प्रौढ स्त्री आहे. कथेंतील नायकाला ती दिसत नव्हती, परंतु दूरचित्रवाणीपुढें बसलेल्या अनेक प्रौढ स्त्रियांना ती बरोबर दिसत होती. अशा स्त्रीच्या निष्ठेला कथेंत किंमत मिळावी ही अपेक्षा साधी होती, आणि तिच्यामागें कित्येकींचा स्वतःचा अनुभव असावा असें मानण्यास जागा आहे.

१९६९ साल हा या लोकप्रियतेचा कळस होय. डिसेंबर १९६८ मध्यें क्वेंटिन कॉलिन्स हें नवें पात्र प्रथम मुका भूत म्हणून आलें. डेव्हिड सेल्बी या देखण्या नटामुळें तेंही तरुणींच्या गळ्यांतील ताईत बनलें, आणि १८९७ सालांत घडणारें एक संपूर्ण कथानक त्याच्याभोंवतीं विणलें गेलें. त्याच्या ग्रामोफोनवर वाजणारी रॉबर्ट कोबर्ट यांची चाल १९६९ सालीं स्वतंत्र ध्वनिमुद्रिका होऊन अमेरिकेंतील लोकप्रिय गीतांच्या यादींत तेराव्या क्रमांकावर पोंचली. कादंबऱ्या निघाल्या, चित्रकथा निघाल्या. शवपेटी आणि सांगाडे असलेला एक बैठा खेळ निघाला, त्यांत मुलांनीं लावावयाचे पिशाचाचे दांतसुद्धां होते. त्याच वर्षीं अध्यक्ष निक्सन यांच्या कन्येनें व्हाइट हाउसमध्यें मुलांसाठीं ठेवलेल्या हॅलोविनच्या मेजवानीला फ्रिड बार्नाबसच्या वेषांत हजर राहिले. अर्थात् हें सर्वांनाच रुचलें असें नाहीं. कोंवळ्या मुलांच्या मनावर चेटूक आणि पिशाचें यांचे संस्कार होतात, अशी तक्रार कांहीं पालकांनीं आणि धर्मनिष्ठ मंडळींनीं केली. ती अगदींच निराधार नव्हती. परंतु मुलें बार्नाबसकडून रक्त पिणें शिकलीं नाहींत. केलेल्या पापाची लाज वाटणारा माणूस कसा दिसतो, हें मात्र त्यांनीं पाहिलें.

ज्या प्रेक्षकांनीं मालिका वर चढविली, तेच ती उतरतांना कारण झाले. १९६९ च्या अखेरीस सुरू झालेल्या लेव्हायथन नांवाच्या कथाभागांत बार्नाबस एका प्राचीन दुष्ट शक्तीचा ताबेदार बनतो, आणि आपल्या माणसांशीं कोरडेपणानें वागूं लागतो. हें प्रेक्षकांना मानवलें नाहीं. त्यानें खून केले तेव्हां त्याला क्षमा मिळाली होती; तो भावनाशून्य झाला तेव्हां मिळाली नाहीं. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १९७० सालीं कर्टिस यांनीं ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’ हा चित्रपट काढला. त्यांत त्यांनीं आपली मूळ कल्पना साकार केली. तेथील बार्नाबस निखळ क्रूर आहे आणि शेवटीं मारला जातो. चित्रपटानें पैसा मिळविला. परंतु तो रक्तपात पाहून पुष्कळ पालकांनीं मुलांना मालिकाही पाहूं देईनात, असें सांगितलें जातें. निर्मात्याच्या मनांतलें पिशाच आणि लोकांच्या मनांतलें पिशाच हीं दोन कशीं निराळीं होऊन गेलीं होतीं, याचा तो चित्रपट जणुं पुरावाच होय.

इकडे फ्रिडही कंटाळले होते. चार आठवड्यांच्या हिशेबानें घेतलेला झगा त्यांच्या अंगाला चार वर्षें चिकटला होता. १९७१ च्या आरंभीं बार्नाबसची कथा संपविण्यांत आली, ती अशी. अँजेलिक अखेर आपला शाप मागें घेते. आपलें खरें प्रेम तिच्यावरच होतें असें बार्नाबसला उमगतें. आणि नेमकी त्याच वेळीं ती गोळी लागून मरते. जोझेटचा पक्ष निराश झाला, अँजेलिकचा पक्ष रडला, आणि ज्युलियाच्या वाट्याला मैत्रीपलीकडे कांहींच आलें नाहीं. उरलेल्या भागांत फ्रिड यांनीं ब्रॅमवेल नांवाच्या दुसऱ्याच माणसाची भूमिका केली. २ एप्रिल १९७१ रोजीं १,२२५ भागांनंतर मालिका बंद झाली, आणि तिच्या जागीं शब्दांचा एक खेळ दाखविण्यांत येऊं लागला. व्हिक्टोरिया विंटर्सचे आईबाप कोण, या पहिल्या दिवशीं उपस्थित केलेल्या प्रश्नाचें उत्तर शेवटच्या दिवसापर्यंत दिलें गेलें नाहीं.

प्रेक्षकांनीं पुन्हां लेखण्या उचलल्या. परंतु बंद झालेली मालिका परत सुरू झाली नाहीं. मात्र ऑक्टोबर १९७१ मध्यें ‘टी. व्ही. गाइड’ या साप्ताहिकांत मालिकेचे एक प्रमुख लेखक सॅम हॉल यांनीं एक लेख लिहून, मालिका पुढें चालली असती तर कोणाचें काय झालें असतें, हें सांगून टाकलें. त्यांत बार्नाबस ज्युलियाशीं विवाह करतो. हे सॅम हॉल म्हणजे ग्रेसन हॉल यांचे पति. पडद्यावर जें देतां आलें नाहीं, तें पतीनें कागदावर देऊन टाकलें, असेंच म्हणावयाचें. पण या एका लेखानें वाद मिटले नाहींत. लेखकानें सांगितलें म्हणून तें खरें, कीं पडद्यावर घडलें तेवढेंच खरें, असा नवाच वाद निघाला. पुढील काळांत रसिकांनीं स्वखर्चानें छापलेल्या नियतकालिकांतून आपआपल्या परीनें कथेचे धागे जोडून घेतले; कोणी ज्युलियाचें लग्न लावलें, तर कोणी अँजेलिकला जिवंत केलें. १९८३ पासून रसिकांचे वार्षिक मेळावे भरूं लागले, आणि जुने नट आपुलकीनें तेथें येऊं लागले. त्या काळांतील दुपारच्या बहुतेक मालिकांच्या फिती पुसून टाकण्यांत आल्या. या मालिकेचे मात्र एक सोडून सर्व भाग सुरक्षित राहिले, म्हणून पुढच्या पिढ्यांना त्या वादांत भाग घेतां आला.

या सर्व इतिहासांतून काय निष्पन्न होतें? लोकमत कथेवर अधिकार गाजवूं शकतें, हें खरें; पण त्या अधिकाराला सीमा आहे. प्रेक्षकांनीं बार्नाबसचा प्राण वांचविला, त्याला भूतकाळ मिळवून दिला, त्याच्या क्रौर्याचें दुःखांत रूपांतर करविलें. परंतु त्याला सुख मात्र ते देऊं शकले नाहींत. एक तर सुख कोणाबरोबर, यावर त्यांचेंच एकमत नव्हतें. आणि दुसरें असें कीं, सुखी बार्नाबस हा बार्नाबसच राहिला नसता. ज्या वेदनेमुळें लोकांनीं त्याला आपलें मानलें, ती संपतांच त्याची कथाही संपली असती. दया ही मृत्यु टाळूं शकते, दैव टाळूं शकत नाहीं. शिवाय या दयेची किंमत एका जिवंत माणसालाही द्यावी लागली. फ्रिड यांनीं नंतर रंगभूमीवर कामें केलीं, एकपात्री वाचनाचे प्रयोग केले. पण जगानें त्यांना त्याच एका नांवानें ओळखलें. पुढें त्यांनीं तें नांव समजूतदारपणें पत्करलें आणि मेळाव्यांतून रसिकांना भेटत राहिले.

२०१२ सालीं टिम बर्टन यांनीं याच कथेवर नवा चित्रपट काढला. त्यांत बार्नाबसची भूमिका जॉनी डेप यांनीं केली, आणि एका समारंभाच्या दृश्यांत फ्रिड, लारा पार्कर, कॅथरिन ली स्कॉट व डेव्हिड सेल्बी हे चौघे जुने सोबती पाहुणे म्हणून क्षणभर दिसतात. तो चित्रपट मे महिन्यांत लोकांपुढें आला. फ्रिड त्याच्या आदल्याच महिन्यांत, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं, आपल्या मायदेशीं वारले. त्या दृश्यांत नवा बार्नाबस जुन्याचें स्वागत करतो. चित्रपट मोठा नाहीं, दृश्य तर फारच लहान. पण पंचेचाळीस वर्षांपूर्वीं ज्यांनीं शाळेच्या वहींतील कागद फाडून ‘याला मारूं नका’ असें लिहिलें असेल, त्यांपैकीं जे कोणी त्या काळोख्या प्रेक्षागृहांत बसले असतील, त्यांना आपलें पत्र पोंचल्याची खूण तेथें खचित पटली असेल.